आठ वाहिन्यांपासून दोनशेपर्यंत : रडार-प्रतिमेचा पहिला प्रयोग वावरात कसा करावा

अनेक प्रक्षेपक आणि अनेक ग्राही अँटेना एकत्र वापरायचे, त्यांनी टिपलेल्या परावर्तित लहरी संगणकात जुळवायच्या आणि त्यातून समोरच्या दृश्याची प्रतिमा घडवायची, हे काम पूर्वी संरक्षण-संशोधनाच्या प्रयोगशाळांबाहेर फारसे होत नसे. ‘मिमो रडार’ (मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट) हे त्याचे नावही २००४ च्या सुमारास रूढ झाले. पुढे चारचाकी गाड्यांसाठी ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या चिप बाजारात आल्या आणि ज्या यंत्रासाठी आधी एक खोली लागत असे ते तळहातावर मावू लागले. यवतमाळ, वर्धा किंवा अमरावतीच्या ग्रामीण भागातील महाविद्यालयात शिकणाऱ्या, संमिश्र संख्या आणि फूरिये रूपांतर वर्गात शिकलेल्या, पायथॉन जेमतेम येणाऱ्या, पण रडारला कधी हात न लावलेल्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचे बरेचसे सल्ले तिच्यातूनच निघतात. नवशिका माणूस चांगल्या प्रतिमेसाठी चांगला अल्गोरिदम शोधत बसतो. प्रत्यक्षात प्रतिमा बिघडते ती बहुतेक वेळा फेज, म्हणजे लहर तिच्या चढउताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, सांभाळली न गेल्यामुळे. ७६.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३.९२ मिलिमीटर असते. लहर जाऊन परत येते, त्यामुळे वस्तू किंवा चिप आणि अँटेना बसवलेला बोर्ड एक मिलिमीटर सरकला तरी फेज सुमारे १८४ अंशांनी फिरते, म्हणजे जी बेरीज व्हायची तिची वजाबाकी होते. तिपाईचा सैल स्क्रू हा येथे सॉफ्टवेअरमधील चुकीइतकाच गंभीर दोष आहे.

प्रश्न आधी, बोर्ड नंतर

काय पाहायचे आहे हे ठरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. आपल्या भागाला शोभेल असा एक प्रश्न घेऊ. जिनिंगमध्ये येणाऱ्या कापसात एखादा नटबोल्ट किंवा विळ्याचे पाते आले तर यंत्रात ठिणगी पडून आग लागण्याचा धोका असतो. तेव्हा पहिल्या प्रयोगाचे उद्दिष्ट असे ठेवावे : तीन मीटर अंतरावर, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर खोल जागेत, कोरड्या पोत्याखाली किंवा कापसाच्या पातळ थराखाली ठेवलेल्या धातूच्या दोन-तीन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात. कोरडे तागाचे पोते आणि कोरडा कापूस यांतून ही लहर बऱ्यापैकी पार जाते; ओल्यातून मात्र जात नाही, कारण पाणी तिला शोषून घेते.

आता दोन आकडे काढावेत. पहिला आकडा खोलीच्या दिशेने किती जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतील याचा, आणि तो फक्त बँडविड्थवर, म्हणजे रडार किती रुंद वारंवारता-पट्टा वापरते त्यावर, अवलंबून असतो : प्रकाशाच्या वेगाला बँडविड्थच्या दुपटीने भागावे. १ गिगाहर्ट्झला १५ सेंटिमीटर, ४ गिगाहर्ट्झला ३.७५ सेंटिमीटर. दुसरा आकडा आडव्या दिशेचा. एक प्रक्षेपक आणि एक ग्राही यांची प्रत्येक जोडी म्हणजे एक वाहिनी, आणि साध्या बोर्डावर आपल्याला अशा आठ मिळतात. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर असलेल्या आठ वाहिन्यांची कोनीय विभेदनक्षमता साधारण २ भागिले ८ रेडियन, म्हणजे १४ अंशांच्या आसपास येते. तीन मीटरवर याचा अर्थ पाऊण मीटर रुंदीचा ठिपका, आणि दहा मीटरवर अडीच मीटरचा. विळा आणि नटबोल्ट एकाच ठिपक्यात विरघळून जातील. म्हणजे नुसता बोर्ड पुरणार नाही, तो आडवा सरकवावा लागेल, हे खर्च करण्याआधीच कागदावर कळते.

परवान्याचा विचारही याच वेळी करावा. भारतात ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ हा पट्टा वाहनांच्या कमी शक्तीच्या रडारसाठी परवानामुक्त केलेला आहे. बोर्ड ८१ पर्यंत चालतो म्हणून आपणही ८१ पर्यंत जावे असे नाही. दूरसंचार विभागाचा सध्याचा नियम आणि शक्तीची मर्यादा महाविद्यालयामार्फत तपासून घ्यावी आणि मोकळ्या जागेतील प्रयोग तरी ७७ च्या आतच ठेवावा. पुढील सर्व आकडे त्या हिशेबाने दिले आहेत. खोलीतील बारकावा त्यामुळे कमी होतो, पण आडव्या दिशेचा बारकावा बँडविड्थवर अवलंबून नसल्याने पहिल्या प्रयोगाचे फारसे बिघडत नाही.

बोर्ड येईपर्यंत संगणकावर

बोर्ड मागवल्यापासून हातात पडेपर्यंतचा काळ वाया घालवू नये. त्या काळात संपूर्ण रडार पायथॉनमध्ये उभे करावे. चार ग्राही १.९६ मिलिमीटरच्या अंतराने एका ओळीत ठेवावेत आणि दोन प्रक्षेपक त्याच दिशेत ७.८४ मिलिमीटर दूर ठेवावेत. दूरच्या वस्तूसाठी प्रत्येक जोडीची फेज प्रक्षेपकाच्या आणि ग्राहीच्या स्थानांच्या बेरजेवर ठरते. या बेरजा करून पाहिल्या तर शून्यापासून १३.७२ मिलिमीटरपर्यंत, १.९६ च्या समान अंतराने, आठ वेगवेगळी स्थाने मिळतात. सहा अँटेनांतून आठ वाहिन्यांचा हा आभासी ॲरे, म्हणजे अँटेनांची रांग, तयार होतो. प्रक्षेपक आणि ग्राही यांची संख्या वाढली की वाहिन्या त्यांच्या गुणाकाराने वाढतात. बारा प्रक्षेपक आणि सोळा ग्राही असलेल्या मोठ्या बोर्डावर त्या १९२ होतात, जरी त्यांतील काही एकाच जागी पडतात.

दृश्यात तीन बिंदू ठेवावेत, प्रत्येक जोडीसाठी प्रक्षेपक ते बिंदू आणि बिंदू ते ग्राही अशी दोन्ही अंतरे स्वतंत्र मोजावीत आणि त्यांच्या बेरजेवरून सिग्नल तयार करावा. प्रतिमा नीट आली की मुद्दाम बिघडवावी : प्रत्येक वाहिनीच्या फेजमध्ये साठ अंशांपर्यंतची मनमानी चूक मिसळावी, एखाद्या प्रक्षेपकाचे स्थान दोन मिलिमीटरने चुकवावे, दोन वाहिन्यांचा क्रम उलटा करावा. या प्रत्येक चुकीचा प्रतिमेवरचा ठसा वेगळा असतो. तो डोळ्यात बसलेला असला की पुढे खरा डेटा हाती आल्यावर आजार ओळखायला वेळ लागत नाही. हा टप्पा गाळणारे पुष्कळ असतात, आणि खऱ्या डेटासमोर नेमके तेच सर्वांत जास्त अडतात.

बोर्ड, केबल आणि वीज

शिकण्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एडब्ल्यूआर१८४३बूस्ट हा तीन प्रक्षेपक आणि चार ग्राही असलेला बोर्ड पुरेसा आहे. त्याच्यासोबत कच्चा डेटा टिपणारा डीसीए१००० हा दुसरा बोर्ड लागतो आणि तो विसरून चालत नाही, कारण पहिला बोर्ड एकटा असताना यूएसबीवरून चिपनेच ठरवलेले तयार ठिपके देतो, आणि प्रतिमा घडवण्यासाठी आपल्याला ठिपके नकोत, मूळ नमुने हवेत. तीन प्रक्षेपकांपैकी मधला इतरांपेक्षा अर्धी तरंगलांबी वर बसवलेला आहे. तो उंचीचा अंदाज घेण्यासाठी असतो, आपल्या आडव्या प्रतिमेसाठी बाजूचे दोनच वापरावेत. अँटेनांची नेमकी मापे बोर्डाच्या कागदपत्रातून घ्यावीत. येथे दिलेली मापे ३.९२ मिलिमीटर तरंगलांबी धरून काढली आहेत, आणि बोर्डाची तांब्याची रेघ आपण निवडलेल्या वारंवारतेप्रमाणे बदलत नाही.

टिपणारा बोर्ड लॅपटॉपशी ईथरनेट केबलने जोडला जातो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.३३.३० असा हाताने द्यावा लागतो, बोर्डाचा १९२.१६८.३३.१८० असतो. डेटा यूडीपीने येतो, म्हणजे वाटेत एखादे पाकीट हरवले तर ते पुन्हा मागितले जात नाही. हरवलेल्या पाकिटानंतरचे सर्व नमुने पुढे सरकतात आणि प्रतिमा कोणतीही सूचना न देता बिघडते. प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला चार बाइटचा अनुक्रमांक असतो. तो सलग आहे की नाही हे तपासणारी चार ओळींची चाचणी प्रत्येक नोंदीनंतर चालवावी. लॅपटॉपची फायरवॉल आणि वीज वाचवण्याची सोय, ही पाकिटे हरवण्याची नेहमीची कारणे आहेत.

गावात याखेरीज विजेचा प्रश्न असतो. आजूबाजूचे कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते आणि ५ व्होल्टचा स्वस्त ॲडॉप्टर डगमगू लागतो. बोर्ड लहान यूपीएसवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. उन्हाळ्याचे वेगळे सांगायला नको : पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या दुपारी बोर्ड उन्हात ठेवला तर चिपचे तापमान वाढत राहते आणि त्याबरोबर वाहिन्यांची फेजही सरकत राहते. काम सकाळी करावे, बोर्ड सावलीत ठेवावा, आणि सुरू केल्यावर वीस मिनिटे तरी तसाच चालू ठेवून मग मोजणीला हात घालावा.

चर्पची मापे

हे रडार ठराविक वेळात वारंवारता सरळ रेषेत वाढवत नेते; त्या एका चढाला चर्प म्हणतात. सुरुवात ७६.०२ गिगाहर्ट्झ, चढ दर मायक्रोसेकंदाला १६ मेगाहर्ट्झ आणि एकूण कालावधी ६० मायक्रोसेकंद ठेवला तर शेवट ७६.९८ वर होतो, म्हणजे दोन्ही टोकांना थोडी जागा ठेवून आपण पट्ट्याच्या आत राहतो. पहिले ५ मायक्रोसेकंद सोडून द्यावेत, कारण चढ तेव्हा स्थिर झालेला नसतो. नंतरच्या ५० मायक्रोसेकंदांत २५६ संमिश्र नमुने घ्यावेत. वापरात आलेली बँडविड्थ ८०० मेगाहर्ट्झ, अंतराचा एक खण, म्हणजे फूरिये रूपांतरातील एक घर, १८.७५ सेंटिमीटरचा, आणि दिसणारे कमाल अंतर ४८ मीटर. परत आलेली लहर आणि त्या क्षणी बाहेर जाणारी लहर यांच्यातील फरक म्हणजे आपला सिग्नल; दर मीटरमागे त्याची वारंवारता सुमारे १०७ किलोहर्ट्झने वाढते, म्हणून तीन मीटरवरची वस्तू ३२० किलोहर्ट्झच्या जवळ दिसली पाहिजे. ती तेथे दिसत नसेल तर पुढे जाऊ नये.

दोन्ही प्रक्षेपक आळीपाळीने चालवावेत. दोन चर्पमध्ये १० मायक्रोसेकंदांची विश्रांती धरली तर एकानंतर दुसरा ७० मायक्रोसेकंदांनी येतो. हा काळ नगण्य वाटतो, पण सावकाश चालणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर जातो आणि तेवढ्या वेळात त्याच्या परावर्तनाची फेज १५ अंशांनी फिरते. त्यामुळे पहिल्या प्रयोगात दृश्य पूर्ण स्थिर असावे. बैल, कोंबड्या आणि उत्साही बघे, सगळे बाजूला. प्रत्येक स्थानी ६४ वेळा मोजून सरासरी घ्यावी, त्याने नको असलेला गोंगाट १८ डेसिबलने खाली जातो.

बोर्ड तिपाईवर चढवून वावरात उभे राहिले की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : याने बोअरचे पाणी दिसते का? दिसत नाही, आणि ते तिथल्या तिथे स्पष्ट सांगावे. चार मिलिमीटरची लहर जमिनीच्या वरच्या थरातच संपते. जमिनीखाली पाहणारी रडार काही शे मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडच्या ओल्या काळ्या मातीत त्यांचीही दमछाक होते. पाणाड्याशी स्पर्धा करण्याचा मोह टाळलेला बरा.

कॅलिब्रेशन : येथे घाई नको

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. आठही वाहिन्यांच्या तारा, ॲम्प्लिफायर आणि अँटेना यांच्यामुळे प्रत्येकीची फेज आणि ताकद थोडी वेगळी असते. ती मोजायची तर ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशी एक वस्तू समोर हवी. तीन काटकोनी त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून केलेला कोपरा, म्हणजे कॉर्नर रिफ्लेक्टर, त्यासाठी उत्तम असतो, कारण उघड्या तोंडाकडून आलेली लहर, ती तिरकी असली तरी, तो आल्या दिशेला परत पाठवतो. काटकोनाच्या बाजू सात सेंटिमीटर ठेवल्या तर या वारंवारतेला त्याचे रडार-क्षेत्रफळ, म्हणजे रडारला तो किती मोठा दिसतो त्याचे माप, सुमारे ६.५ चौरस मीटर भरते; उभा माणूस साधारण एक चौरस मीटरच्या आसपास असतो. तळहातावर मावणारा तुकडा माणसापेक्षा ठळक दिसतो तो असा.

तालुक्याच्या गावी पत्र्याची कोठी आणि चाळण्या करणारा कारागीर तो करून देऊ शकतो, पण त्याला गुण्या लावून काटकोन तपासायला सांगावे. एका पत्र्याचा कोन एका अंशाने चुकला तर टोकाशी १.२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि हा फरक तरंगलांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. पत्रा जाड घ्यावा, म्हणजे तो हातात वाकणार नाही.

जागा निवडताना टिनाचे शेड, तारेचे कुंपण आणि उभा ट्रॅक्टर यांपासून दूर जावे. टिनाची भिंत बाजूला असली की लहर तिच्यावर आपटून वस्तूकडे जाते आणि भिंतीपलीकडे, जेथे काहीच नाही तेथे, त्या वस्तूची दुसरी आकृती दिसू लागते. तूर निघून गेलेले आणि पऱ्हाटी उपटून झालेले मोकळे वावर या कामाला सर्वांत सोयीचे. धुऱ्यावरच्या बाभळी मागे वीस-पंचवीस मीटर असल्या तरी चालतात, कारण त्या वेगळ्या खणात पडतात.

बोर्डाच्या समोर दोरी ताणून चुन्याची रेघ मारावी आणि पाच मीटरवर खूण करावी. रेघ बोर्डाला काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी पाया आखताना वापरतात तोच तीन-चार-पाचचा त्रिकोण पुरतो. खुणेवर थर्मोकोलचे ठोकळे बोर्डाच्या उंचीइतके रचून त्यावर कॉर्नर रिफ्लेक्टर ठेवावा. थर्मोकोल रडारला जवळजवळ दिसत नाही, खुर्ची आणि लोखंडी स्टूल मात्र चांगलेच दिसतात. वारा असेल तर ठोकळे हलतात, म्हणून पहाटे, वारा पडलेला असताना हे उरकावे. आधी रिफ्लेक्टर ठेवून एक नोंद घ्यावी, मग तो उचलून रिकाम्या दृश्याची दुसरी नोंद घ्यावी आणि दुसरी पहिलीतून वजा करावी. प्रक्षेपकातून थेट ग्राहीत शिरणारा आणि सुरुवातीच्या दोन-तीन खणांत ठाण मांडून बसणारा सिग्नल याच वजाबाकीत निघून जातो.

आता प्रत्येक वाहिनीवर फूरिये रूपांतर करावे. त्याआधी नमुन्यांवर हान विंडो, म्हणजे दोन्ही टोकांचे नमुने हळूहळू शून्याकडे नेणारा गुणक, लावावी : ठिपका थोडा रुंद होतो, पण मुख्य शिखराच्या बाजूचे खोटे उंचवटे उणे १३ डेसिबलवरून उणे ३१ पर्यंत खाली जातात. पाच मीटरच्या खणातील शिखराची आठ संमिश्र मूल्ये काढावीत. भूमितीप्रमाणे ती काय असायला हवी होती हे आपल्या पायथॉनच्या रडारने सांगावे, आणि मोजलेल्या मूल्याला अपेक्षित मूल्याने भागून आठ गुणक फाइलमध्ये जपून ठेवावेत. पुढील प्रत्येक नोंदीला या गुणकांनी भागायचे. फीतीने मोजलेले अंतर आणि रडारने दाखवलेले अंतर यांत काही सेंटिमीटरचा फरक दिसल्यास घाबरू नये, तो बोर्डाच्या आतील विलंबाचा असतो. तो आकडाही त्याच फाइलमध्ये लिहावा.

गुणक बरोबर आहेत याचा पुरावा घेतल्याशिवाय थांबू नये. रिफ्लेक्टर खुणेपासून बाजूला १.८२ मीटर सरकवला की तो बोर्डापासून २० अंशांच्या दिशेत येतो. आठ वाहिन्यांवरून काढलेले शिखर २० अंशांवर आले पाहिजे. ते उणे २० वर आले तर वाहिन्यांचा क्रम किंवा फेजचे चिन्ह उलटे आहे. १७ किंवा २३ वर आले तर बोर्ड रेघेला काटकोनात नाही किंवा अँटेनांची मापे चुकली आहेत. शिखर दुभंगलेले असेल तर दोन प्रक्षेपकांच्या चार-चार वाहिन्या एकमेकींना जुळलेल्या नाहीत.

रुळावरचा बोर्ड

दीड-दोन सेंटिमीटरच्या ॲरेने मिळतो तेवढा कोनीय बारकावा मिळाला. आता तो वाढवण्यासाठी बोर्ड आडव्या रुळावर सरकवावा. उपग्रहावरील रडार हेच तत्त्व वापरतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार उपग्रह स्वतःच्या प्रवासातूनच लांबलचक अँटेना घडवतो. आपल्याला वीस सेंटिमीटर पुरेत.

किती सरकवायचे याचे गणित सुंदर आहे. आभासी वाहिन्यांच्या बेरजा १.९६ मिलिमीटरने वाढतात, पण रूळ सरकतो तेव्हा प्रक्षेपक आणि ग्राही दोघेही सरकतात, म्हणून प्रत्येक वाहिनीचे खरे स्थान त्या बेरजेच्या निम्म्यावर धरावे लागते. निम्मे केल्यावर आठ वाहिन्यांमधील अंतर ०.९८ मिलिमीटर आणि संपूर्ण पट्टी ७.८४ मिलिमीटरची होते. प्रत्येक वेळी नेमके ७.८४ सरकवले तर पुढची पट्टी मागच्या पट्टीला जोडून बसते, मध्ये फट राहत नाही आणि काही दोनदा मोजले जात नाही. २५ थांब्यांत २०० वाहिन्या आणि १९.६ सेंटिमीटरचा ॲरे मिळतो. एकच प्रक्षेपक आणि एकच ग्राही असता तर याच कामाला २०० थांबे लागले असते. थ्री-डी प्रिंटरमध्ये वापरतात तो एका फेऱ्यात ८ मिलिमीटर पुढे नेणारा स्क्रू आणि एका फेऱ्यात २०० पावले टाकणारी मोटर घेतली तर एक पाऊल ०.०४ मिलिमीटरचे होते, आणि ७.८४ साठी बरोबर १९६ पावले लागतात. मोटर थांबल्यावर एक-दोन सेकंद कंपन शमू द्यावे, मगच नोंद घ्यावी. रूळ नेहमी एकाच दिशेने चालवावा, उलट येताना स्क्रूमधील ढिलेपणा मोजमापात शिरतो. घाईने थांबे अर्धे करून पाऊल दुप्पट केले तर पट्ट्यांमध्ये फटी पडतात आणि खऱ्या वस्तूच्या दोन्ही बाजूंना तिच्या नकली प्रती उमटतात.

एवढ्या लांब ॲरेसाठी तीन मीटर हे अंतर ‘दूर’ राहत नाही. दूर म्हणण्याची सीमा लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी, म्हणजे येथे वीस मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे कोन काढणारे साधे फूरिये रूपांतर बाजूला ठेवून बॅकप्रोजेक्शन वापरावे. दृश्याचे लहान चौकोन पाडावेत, आडवे १ सेंटिमीटरचे आणि खोलीत ५ सेंटिमीटरचे. दीड बाय दीड मीटरमध्ये असे ४,५०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनासाठी प्रत्येक वाहिनीचे जाण्याचे आणि येण्याचे अंतर मोजावे, त्या अंतरावरचे मूल्य त्या वाहिनीच्या फूरिये रूपांतरातून उचलावे, अंतरामुळे फिरलेली फेज उलट फिरवून काढून टाकावी आणि सर्व २०० मूल्यांची बेरीज करावी. वस्तू तेथे असेल तर सर्व बाण एका दिशेला येऊन बेरीज मोठी होते, नसेल तर ते एकमेकांना खाऊन टाकतात. हे नऊ लाख हिशेब साधा लॅपटॉप काही सेकंदांत करतो.

येथे दोन ठिकाणी माणूस अडतो. फूरिये रूपांतर २५६ ऐवजी शून्ये जोडून २०४८ चे करावे, नाहीतर खणांच्या मधली मूल्ये ओबडधोबड येतात. आणि फेज उलट फिरवताना पट्ट्याच्या मधली वारंवारता न घेता पहिला नमुना घेतला त्या क्षणाची, म्हणजे ७६.१० गिगाहर्ट्झ घ्यावी. प्रतिमा सगळीकडेच पसरट दिसत असेल तर प्रथम फेजचे चिन्ह बदलून पाहावे. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

बरोबर जमले तर तीन मीटरवर आडवा ठिपका सुमारे ३ सेंटिमीटरचा येतो. म्हणून विळा ठेवला तर विळा दिसेल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. पोत्याखाली विळा ठेवून घेतलेल्या प्रतिमेत पात्याच्या वळणावरचा एक ठळक ठिपका, मुठीच्या कडीचा दुसरा फिका ठिपका आणि मध्ये अंधार, असे काहीसे येते. चार मिलिमीटरच्या लहरीला गुळगुळीत लोखंड आरशासारखे असते. पाते ज्या ठिकाणी बोर्डाकडे तोंड करून आहे तेवढेच चमकते, बाकीचे लहर दुसरीकडे फेकून देते. सपाट पाना तिरका ठेवला तर तो जवळजवळ नाहीसाही होऊ शकतो. वस्तू फिरवून पाच-सहा नोंदी घ्याव्यात, म्हणजे प्रतिमेत नसणे आणि दृश्यात नसणे यांतील फरक लक्षात येतो.

गणनेचा पुढचा टप्पा

बॅकप्रोजेक्शन चालू लागल्यावरच विरळ पुनर्रचनेकडे वळावे. दृश्यातील बहुतेक चौकोन रिकामे आहेत असे गृहीत धरून, मोजलेल्या डेटाशी जुळणारी सर्वांत कमी ठिपक्यांची प्रतिमा शोधणे, ही यामागची कल्पना. प्रत्येक चौकोनात एकक वस्तू असती तर सर्व वाहिन्यांत काय दिसले असते, हे एकेका स्तंभात लिहून एक मोठी मॅट्रिक्स तयार होते. तिची संयुग्मी उलटापालट (कॉन्जुगेट ट्रान्स्पोज) डेटावर चालवली की जे मिळते ते बॅकप्रोजेक्शनच असते. म्हणजे नवे काही फार शिकायचे नाही : प्रतिमेचा अंदाज घ्यावा, त्यातून डेटा पुन्हा तयार करावा, खऱ्या डेटापासूनचा फरक बॅकप्रोजेक्शनने प्रतिमेत परत आणावा, ठराविक उंबरठ्याखालची मूल्ये शून्य करावीत आणि बाकीच्यांची फेज कायम ठेवून आकार तेवढ्याने कमी करावा, आणि हे पुन्हापुन्हा करावे. २००९ मध्ये बेक आणि तेबूल यांनी मांडलेली फिस्टा ही पद्धत हेच काम कमी फेऱ्यांत करते.

मॅट्रिक्सच्या आकाराकडे लक्ष असू द्यावे. २०० वाहिन्यांचे सर्व २५६ नमुने घेतले तर ४,५०० चौकोनांसाठी ती दोन जीबीच्या जवळ जाते आणि जुना लॅपटॉप गुदमरतो. दृश्य ज्या खणांत पडते तेवढे बारा खणच ठेवले तर ती ९० एमबीच्या आत राहते. उंबरठा फार वर ठेवला तर फिक्या वस्तू गायब होतात, फार खाली ठेवला तर गोंगाटाचे शिंतोडे उरतात. सुरुवात सर्वांत मोठ्या ठिपक्याच्या एक-दशांशापासून करावी.

या पद्धतीची प्रतिमा पाहायला फार स्वच्छ दिसते आणि तेथेच धोका असतो. कॅलिब्रेशन चुकलेले असेल तर बॅकप्रोजेक्शन धूसर प्रतिमा देऊन निदान ते कबूल तरी करते. विरळ पुनर्रचना त्याच चुकीचे टोकदार, खात्रीशीर वाटणारे खोटे ठिपके करते. म्हणून एक चाचणी नेहमी करावी. २५ पैकी १२ थांबे यादृच्छिकपणे गाळून प्रतिमा पुन्हा काढावी. खरे ठिपके जागचे हलत नाहीत, खोटे ठिपके प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी उगवतात. माझ्या मते या चाचणीत न टिकलेली प्रतिमा प्रकल्प-अहवालात छापू नये, ती कितीही देखणी असली तरी.

उंचीची दिशा हवी असेल तर रूळ उभाही सरकवावा लागतो आणि थांबे कित्येक पटींनी वाढतात. मधला, वर बसवलेला प्रक्षेपक तेव्हा कामी येतो. तोवर वर-खाली ठेवलेल्या दोन वस्तू आपल्या प्रतिमेत एकाच जागी पडणार, हे ध्यानात ठेवून वस्तू एकाच उंचीच्या थर्मोकोलवर ठेवाव्यात.

प्रत्येक नोंदीबरोबर एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी आणि तिच्यात चर्पची मापे, कोणते प्रक्षेपक कोणत्या क्रमाने, रुळाचे पाऊल, कॅलिब्रेशनच्या फाइलचे नाव, हवेचे तापमान आणि वस्तूंची फीतीने मोजलेली स्थाने लिहावीत. ६४ मोजण्यांसह २५ थांब्यांचा कच्चा डेटा जेमतेम १३ एमबी भरतो, तेव्हा तो पुसू नये. कॅलिब्रेशन दर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा घ्यावे. दोन्हींच्या गुणकांत दहा-पंधरा अंशांहून जास्त फरक आला तर त्या सत्रातला डेटा बाजूला ठेवून बोर्ड उन्हात आला होता का, ॲडॉप्टर तापला होता का आणि रुळाचे स्क्रू कसलेले आहेत का, हे याच क्रमाने पाहावे.